परत येण्याची ग्वाही

परदेशी विद्याभ्यासास निघालेल्या तरुणाच्या हाती विद्यापीठाचे प्रवेशपत्र असते, बँकेचे कर्जही मंजूर झालेले असते. तरी मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकन वकिलातीत व्हिसासाठी रांगेत उभे राहताच त्याच्या घशाला कोरड पडते. खिडकीपाशी होणारी मुलाखत बहुधा दोनचार मिनिटांत आटोपते. १९५२ च्या अमेरिकन कायद्यानुसार असा विद्यार्थी तेथे कायमचा राहावयास येत आहे, असेच आधी गृहीत धरले जाते. तसे नाही, हे त्याने अधिकाऱ्यास पटवून द्यावयाचे असते. बावीस वर्षांच्या मुलाने आपल्या उद्याच्या मनाची ग्वाही आज कशी द्यावी? भीतीचे मूळ येथे आहे.

१८८३ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेस निघाल्या, तेव्हा व्हिसाची अडचण नव्हती. पण त्यांच्या परतण्याविषयीची शंका स्वकीयांच्याच मनात होती. बंगालमधील सेरामपूर येथील सभेत त्यांनी हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परतण्याची ग्वाही दिली, आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाची वैद्यकीय पदवी घेऊन त्या परतल्या.

आजचा नकार जन्माचा नसतो. पुन्हा शुल्क भरून अर्ज करता येतो. मात्र उत्तरे पाठ करण्यापेक्षा, आपण कशासाठी जात आहोत आणि मागे काय ठेवीत आहोत, याचा स्वतःशी उलगडा केलेला बरा. तो ज्याला झाला, त्याचा आवाज खिडकीपाशी कमी कापतो.