खिडकी निवडताना आधी पाऊस बघा

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षांचा कार्यक्रम म्हटल्यावर माझ्याकडून जुन्या आठवणी ऐकायला मिळतील असं तुम्हाला वाटलं असेल. सेक्रेटरींनी मला विषय दिला तो 'घराच्या खिडक्या'. कारण तुम्हाला ठाऊक आहे. इमारतीच्या रंगकामाबरोबर चोवीसही सदनिकांना एकसारख्या काचेच्या सरकत्या खिडक्या बसवाव्यात, असा ठराव येत्या सर्वसाधारण सभेपुढे आहे. मी इंजिनिअर नाही. चौतीस वर्षं बँकेत काढली. त्यातली बरीच गृहकर्जाच्या टेबलावर. घरं तपासायला गेलो की भिंत, छप्पर, सातबारा, नकाशा सगळं बघायचो. खिडक्या फक्त मोजायचो. त्या उघडतात किती आणि कुणीकडे, हे कधी बघितलं नाही. त्याची किंमत पुढे माझ्याच घरात चुकती केली. ती हकिगत सांगितल्याशिवाय सल्ला देण्याचा मला अधिकार नाही.

२००१ साली ताबा मिळाला तेव्हा सगळ्यांना लाकडी खिडक्या होत्या. सागवानी चौकट, आडवे गज, दोन कवाडं आणि वर काचेची झडप. जूनमध्ये कवाडं फुगायची, दिवाळीपर्यंत ती पूर्ण लागायची नाहीत. बिजागऱ्या कुरकुरायच्या. दर दोन वर्षांनी तेलपाणी नाहीतर रंग. २०११ ला मी निवृत्त झालो, हातात फंडाचे पैसे आले आणि २०१२ च्या उन्हाळ्यात मी सगळ्या खिडक्या काढून टाकल्या. हॉलला मधे मोठी न उघडणारी काच आणि बाजूला एक सरकता पल्ला. बेडरूमला दोन पट्ट्यांची सरकती खिडकी. बाहेरून लोखंडी पेटीची जाळी. आतून एसी. घर कसं मुंबईच्या फ्लॅटसारखं दिसायला लागलं. शेजारीपाजारी बघायला यायचे, मी चहा पाजायचो.

खिडकी जुन्या सुताराने काढली. लाकूड उचलता उचलता तो म्हणाला, "सायबानू, वारो फुकट येता, पण तेका येवक तशी जावकय वाट व्हयी." मी हसलो. मजुरी दिली आणि विसरलो.

मग १६ मे २०२१. रविवार. तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून वर सरकत होतं. मालवणात ती रात्र ज्याने काढली त्याला मी वेगळं काय सांगू? पश्चिमेच्या खिडकीच्या खालच्या पट्टीत पाणी साचलं. पट्टीला पाणी बाहेर जायला भोकं होती, पण नऊ वर्षांच्या वाळूने आणि मिठाने ती बुजलेली. पाणी आत यायला लागलं. आम्ही टॉवेल, चादरी, शेवटी जुने पेपर लावले. सकाळी हॉलमध्ये घोट्यापर्यंत नाही, पण तळवे भिजतील एवढं पाणी होतं. तेवढ्यावर भागलं असतं तर मी आज हे बोललो नसतो.

वीज गेली ती चार दिवस आली नाही. लॉकडाऊन चालू. सौ.ला दमा आहे, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. एसी बंद, पंखा बंद, भिंती ओल्या. खिडकी उघडली तर अर्धीच उघडते, आणि समोरच्या बाजूला वारा बाहेर पडायला जागाच नाही, कारण तिकडची खिडकी मी काच लावून बंद केलेली. न उघडणारी काच काढावी म्हटलं तर बाहेरची जाळी गंजून चौकटीला चिकटलेली. दुसऱ्या रात्री ती जिन्यात जाऊन बसली. जिन्याच्या सिमेंटच्या जाळीतून थोडा वारा येत होता. मी शेजारी बसून पुठ्ठ्याने वारा घालत होतो. माझ्या मनात तेव्हा काय चाललं होतं ते इथे सांगत नाही.

पहाटे तळमजल्यावरच्या बाई वर आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या आपल्या बाई. आज त्या आपल्यात नाहीत. इमारतीत जुन्या लाकडी खिडक्या ठेवणाऱ्या त्या एकट्याच उरल्या होत्या. "बाई, आता तरी बदला" म्हणून आम्ही त्यांची थट्टा करायचो. त्यांच्याही एका कवाडाची काच फुटली होती, तिथे त्यांनी पत्रा ठोकला होता. पण पश्चिमेची आणि पूर्वेची दोन्ही कवाडं सताड उघडता येत होती आणि घरातून वारा आरपार जात होता. कोरोनाचे दिवस. लोक एकमेकांच्या दारात उभे राहायला घाबरत होते. बाई म्हणाल्या, "वहिनी, माझ्याकडे चला. उघड्या खिडकीपाशी बसा." वीज येईपर्यंत सौ. त्यांच्याकडे होती.

घरी परत आल्यावर ती मला एकच वाक्य बोलली. "बँकेत असताना दुसऱ्यांची घरां तपासल्यात, आपलां मात्र तपासूक नाय." (ती समोरच बसली आहे, विचारा.)

त्यानंतर मी जे शिकलो ते आता थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, दिशा. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो, तो सरळ पडत नाही, आडवा मारतो. दुपारी समुद्रावरून खारे वारे येतात, रात्री जमिनीवरून मतलई वारे. म्हणजे वाऱ्याचं तोंड दिवसातून दोनदा फिरतं. आपल्या आजोबांच्या घरांकडे बघा. जांभ्याच्या भिंती, पडवीवर खाली उतरलेलं छप्पर, लहान खिडक्या, आणि मे संपायच्या आत पश्चिमेला चुडतांची झापं बांधायची. तिथे खिडकीला पावसापासून छप्पर वाचवायचं. आपल्या इमारतीला पडवी नाही, छज्जा दीड फुटाचा. मग ते काम खिडकीनेच करायला हवं. पश्चिमेची खिडकी आणि पूर्वेची खिडकी एकाच जातीची असण्याचं काही कारण नाही.

दुसरी गोष्ट, हिशेब. हा भाग माझ्या आवडीचा. आपल्यासारख्या दमट उष्ण हवेत खोलीच्या जमिनीच्या एक षष्ठांश एवढी खिडकी हवी, असं राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. केंद्र सरकारने २०१८ साली घरांसाठी जी ऊर्जा संहिता काढली, तिच्यात तर उघडणारा भाग तेवढा हवा असं म्हटलंय. दहा बाय बाराची खोली म्हणजे १२० चौरस फूट. तिला २० चौरस फूट उघडझाप हवी. पाच बाय चारची खिडकी बसवली की आपण खूश. पण ती दोन पट्ट्यांची सरकती असेल तर एका वेळी अर्धीच उघडते, म्हणजे १० चौरस फूट. तीन पट्ट्यांची घेतली आणि त्यातला एक पल्ला डासांच्या जाळीचा असला, तरी अर्धीच, वर जाळी थोडा वारा अडवते ते वेगळंच. कवाडांची खिडकी जवळजवळ पूर्ण उघडते. खर्च २० फुटांचा आणि वारा १० फुटांचा, असा व्यवहार बँकेत कुणी मंजूर केला असता का?

तिसरी गोष्ट, जाती. कवाडांची खिडकी वारा सगळ्यात जास्त घेते. पण बाहेर उघडणाऱ्या कवाडाला अडकवायला मजबूत आकडा पाहिजे, नाहीतर वावटळीत काच गेलीच. वरून बिजागरी असलेली, खालून बाहेर ढकलायची खिडकी पश्चिमेला फार उपयोगी, कारण पाऊस असतानाही ती चार बोटं उघडी ठेवता येते आणि पाणी तिच्या पाठीवरून निघून जातं. सरकती खिडकी वाईट नाही. जिथे बाहेर जागा नाही, पॅसेज आहे, तिथे तीच बरी. न्हाणीघराला काचेच्या आडव्या पट्ट्यांची, म्हणजे कायम हवा. आणि छताजवळची जुनी झडप काढून टाकू नका. गरम हवा वर जाते, तिला बाहेर पडायला तीच वाट असते. गोव्यातल्या जुन्या घरांत काचेऐवजी पातळ शिंपले बसवलेल्या खिडक्या अजून दिसतात. उजेड आत, ऊन बाहेर. काच महाग होती म्हणून केलेली सोय, पण डोळ्याला किती थंड!

चौथी गोष्ट, खारी हवा. साध्या लोखंडाला इथे आयुष्य नाही, हे आपल्या गेटने सगळ्यांना शिकवलं आहे. ॲल्युमिनियम टिकतं, पण त्याला लोखंडी स्क्रू मारला की स्क्रूही जातो आणि त्याच्या भोवतीचं ॲल्युमिनियमही फुगतं. स्क्रू, बिजागऱ्या, कड्या स्टेनलेस स्टीलच्या घ्या. त्यातही ३०४ आणि ३१६ असे दोन प्रकार मिळतात, समुद्राजवळ ३१६ घ्यावं. थोडं महाग पडतं. यूपीव्हीसीची चौकट गंजत नाही, फुगत नाही, मात्र तिच्या आत जी लोखंडी पट्टी घालतात ती जस्ताचा मुलामा दिलेली आहे ना, हे कापायच्या आधी विचारा. लाकूड घेतलंत तर त्याची काळजी घेण्याची तयारी ठेवा. लाकूड हे मुदत ठेवीसारखं नाही, ते चालू खात्यासारखं आहे. सारखं लक्ष लागतं.

पाचवी गोष्ट, पाणी. खिडकीखालचा कट्टा बाहेरच्या बाजूला उतरता हवा. छज्जाच्या खालच्या अंगाला एक खाच हवी, म्हणजे पाणी तिथे तुटतं आणि मागे सरकून भिंतीवर येत नाही. सरकत्या खिडकीच्या पट्टीतली भोकं दर मे महिन्यात काडी घालून साफ करा. हे काम फुकटात होतं आणि मी नऊ वर्षं ते केलं नाही.

सहावी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जाळी. चोर येऊ नये म्हणून आपण खिडकीला पिंजरा लावतो. त्या पिंजऱ्याचा एक भाग तरी आतून उघडणारा पाहिजे. त्याचं कुलूप असेल तर किल्ली खिडकीजवळ, सगळ्यांना माहीत असलेल्या खिळ्यावर हवी. तौक्तेच्या रात्री माझ्या घरात फक्त पाणी शिरलं. धूर झाला असता तर? गंजलेल्या जाळीमागे आम्ही दोघं सत्तरीची माणसं काय करणार होतो? घरात लहान मूल असेल तर उघडणारा भाग त्याच्या हाताला लागणार नाही एवढ्या उंचीवर ठेवा. पण उघडणारा भाग ठेवाच.

आता ठरावाबद्दल. इमारत बाहेरून एकसारखी दिसावी, हे मला मान्य आहे. प्रत्येकाने मनाला येईल तो रंग आणि तशी पेटी लावली की काय दिसतं ते आपण बघतोच आहोत. मंजुरीशिवाय बाहेरचा बदल करू नये हे आपल्या उपविधीतही आहे, आणि २०१२ साली मी स्वतः तशी मंजुरी घेतली नव्हती, हेही आज कबूल करून टाकतो. माझी सूचना एवढीच. चौकटीचा रंग एक, बाहेरची रेषा एक, पण जात दिशेप्रमाणे. पश्चिमेला वरून बिजागरीची, पूर्वेला कवाडांची, पॅसेजला सरकती. जाळीला सगळीकडे उघडणारा भाग सक्तीचा. दर जास्त येईल. मी दोन कोटेशनं आणली आहेत, ती सेक्रेटरींकडे दिली आहेत. फरक किती आहे तो तुम्ही बघा, आणि त्याला पंचवीस वर्षांनी भागा. मग मत द्या.

माझ्या घराच्या खिडक्या मी २०२२ मध्ये पुन्हा बदलल्या. त्याच सुताराकडे गेलो. त्याने काही बोलून दाखवलं नाही, फक्त पूर्वेची बंद केलेली भिंत आधी फोडली. काम संपलं त्या संध्याकाळी तळमजल्यावरच्या बाई बघायला आल्या. पूर्वेच्या खिडकीपाशी थोडा वेळ उभ्या राहिल्या, पदर वाऱ्याने हलला, आणि म्हणाल्या, "आता जमलं." शिक्षिकेकडून मला एवढे मार्क शाळेतसुद्धा मिळाले नव्हते.

पुढच्या पंचवीस वर्षांचा कार्यक्रम बघायला मी असेन असं वाटत नाही. पण या पुढच्या रांगेतली मुलं असतील. त्यांच्या घरात दोन्ही बाजूंनी वारा यावा, एवढीच इच्छा. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. जेवण तयार आहे, सोलकढी थंड आहे तोवर उठूया.