मॉडबस जुना, पण टाकाऊ?

आखातात आपल्यातले बरेच जण प्लांटवर आहेत, म्हणून आज मॉडबस. 1979चा हा प्रोटोकॉल. मास्टर एकेका उपकरणाला विचारतो, ते उत्तर देतं. 9600च्या वेगाला दहा रजिस्टर वाचायला किमान 45 मिलिसेकंद. एका वायरवर तीस मीटर असले, की पाळी परत यायला जवळपास दीड सेकंद. इथरकॅटमध्ये एकच फ्रेम सगळ्यांतून धावते, फेरी मिलिसेकंदाच्या आत.

पाण्याच्या टाकीला दीड सेकंद भरपूर झाला. बाटल्या भरणाऱ्या मशीनच्या सर्वोला नाही. तिथे दर फेरीला तेवढाच वेळ लागतो का, हे बघा. विक्रेते सरासरीच दाखवतात!

मॉडबसवर एक मीटर बंद पडला, की टाइमआउट संपेपर्यंत बाकीचे ताटकळतात. नव्या नेटवर्कचं कोटेशन मागवण्याआधी तो टाइमआउट किती ठेवलाय, तेवढं बघून घ्या.