उभं राहायचं, झुकायचं नाही



इंग्रजीत ‘स्टँड अप’ म्हणजे उभं राहा, हे आपल्या पोरीबाळी शाळेत शिकतात. त्याला ‘टू’ जोडला की अर्थ होतो, दबावापुढं न झुकता उभं राहणं. हिशेब तपासणीत टिकला, तरी तिथं हाच शब्द चालतो.

आता आपलं बघा. मायक्रोफायनान्सचा हप्ता थकला, रात्री आठला वसुलीवाल्याचा फोन आला, की आपण घाबरून सावकाराकडं धावतो. थांबा! रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. अशा कर्जासाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही. धमकी, शिवीगाळ, नातेवाइकांना त्रास, चारचौघांत नाव जाहीर करणं, हेही चालत नाही.

घेतलेलं कर्ज फेडायचंच. पण “दादा, उद्या दिवसा बोला,” एवढं ठणकावून सांगायचं. तरी ऐकलं नाही तर लोन कार्ड काढा. त्यावर तक्रार घेणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव आणि नंबर असतो.

एकटीला बोलायचा धीर होत नसेल, तर गटातल्या दोघींना हाक मारा. गट त्यासाठीच आहे.