दोष वस्तूचा, त्रुटी सेवेची

लासुर्ण्यातून बोलतेय.

आमच्या गटातल्या एका ताईंनी कर्ज काढून पिठाची गिरणी घेतली. चार घरांचं दळण सुरू झालं, आणि दोन महिन्यांत मोटर जळली. दुकानदार म्हणाला, माणूस पाठवतो. माणूस काही आला नाही. गिरणी बंद, हप्ता मात्र चालू. आपला हप्ता चुकला की लगेच थकबाकीदार म्हणतात, समोरचा चुकला तर त्याला काय म्हणायचं?

ताईंनी अर्ज लिहिला : ‘गिरणी वाईट निघाली, माझी फसवणूक झाली.’ राग खरा होता, पण एवढ्यावरून आयोगाला काय कळणार?

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दोन वेगळे शब्द आहेत. वस्तूत असतो तो दोष. म्हणजे दर्जा, वजन-माप, ताकद, शुद्धता यांत जे असायला हवं, त्यात कमी. कामात असते ती सेवेतील त्रुटी. हयगय केली, कबूल केलेलं काम केलं नाही, महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवली, की ती त्रुटी. मोटर जळली हा दोष. वॉरंटी असून माणूस पाठवला नाही ही त्रुटी. अर्जात दोन्ही वेगळं लिहायचं, तारखांसकट. आणि जळकी मोटर भंगारवाल्याला द्यायची नाही हं! दोष ठरवायला आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो.

बियाण्याचं काय, ते तर सगळं पेरून जातं? राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हेच लक्षात घेतलं आणि शेतकरीही ग्राहकच, असं सांगितलं. तरी पिशवी, टॅग आणि पावती जपा.

दुकानदार ताईंना म्हणाला, “तुम्ही धंद्यासाठी घेतली, तुम्ही ग्राहक नाही.” हे चूक. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूचा घेणारा कायद्याने ग्राहकच असतो. मोठ्या व्यापाराची गोष्ट वेगळी.

तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे आपल्याला पुण्याला, ती करता येते. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. आधी विचारायचं असेल तर १९१५ वर फोन करा.

ताईंचा अर्ज आम्ही परत लिहायला बसलो. पावती काही केल्या सापडेना. शेवटी निघाली ती पिठाच्या डब्यामागून.