हा सर्व्हर आपलाच, कशावरून?

(कार्यकर्त्यांच्या संगणक प्रशिक्षण शिबिरात केलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)

 

मित्र-मैत्रिणींनो, आपल्या मदत केंद्राच्या नोंदी आता कपाटातल्या फायलींत नाहीत, भाड्यानं घेतलेल्या एका सर्व्हरवर आहेत. त्यात काय काय आहे ते तुम्हाला माहीत आहे. पोटगीसाठी आलेल्या बाईचा सध्याचा पत्ता, मुलांच्या शाळेचं नाव, निकाहनाम्याचा फोटो, मेहेरची रक्कम, आणि तिनं कोणाबद्दल काय सांगितलं ते. सासरच्यांना न सांगता ती खालाकडे राहायला आली असेल, तर तो पत्ता ती, तिची खाला आणि आपण, एवढ्यांनाच ठाऊक असतो. अमानत हा शब्द आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. इथं त्याचा अर्थ एवढाच, की तो पत्ता आपल्याकडून बाहेर जाता कामा नये.

तुमच्यापैकी काही जण घरून या सर्व्हरवर काम करता. कोणी हॉस्टेलच्या वायफायवरून, कोणी मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून. तिथं जाण्याची वाट म्हणजे एसएसएच. सर्व्हरची राखण कशी करावी यावर भरपूर बोललं जातं. मी आज दुसऱ्या टोकाबद्दल बोलणार आहे, म्हणजे तुमच्या लॅपटॉपवरच्या एका छोट्या फाइलबद्दल. सर्व्हरला दहा कुलपं लावली आणि या फाइलीत दोन चुकीच्या ओळी असल्या, तर त्या कुलपांचा फारसा उपयोग राहत नाही.

एसएसएच आलं कुठून, हे थोडक्यात सांगते. १९९५ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यावर कोणीतरी कान लावून पासवर्ड गोळा केले. तेव्हा टेलनेटसारख्या साधनांतून पासवर्ड उघड्या अक्षरांत जायचा, पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा. तिथल्याच टाटू यलोनेन यांनी त्यावर उपाय म्हणून एसएसएच लिहिलं. १९९९ पासून ओपनबीएसडीच्या मंडळींनी त्याची मुक्त आवृत्ती, ओपनएसएसएच, चालवली. आज लिनक्स, मॅक आणि विंडोज या तिन्हींवर साधारण तीच असते, त्यामुळे मी सांगते ते सगळ्यांना लागू आहे.

होम फोल्डरमध्ये ‘डॉट एसएसएच’ नावाचं फोल्डर असतं. त्यात ‘कॉन्फिग’ नावाची साधी मजकुराची फाइल करायची. विंडोजवाल्यांनी लक्ष द्या, नोटपॅड गुपचूप शेवटी ‘डॉट टीएक्सटी’ चिकटवतं, आणि मग फाइल तिथं असूनही एसएसएच तिच्याकडे ढुंकून बघत नाही. पर्यायांची नावं मी मराठीत उच्चारणार आहे. फाइलीत ती इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहायची.

फाइलीत ‘होस्ट’ या शब्दानं सुरू होणारे गट असतात. ‘होस्ट केंद्र’ असं लिहून त्याखाली होस्टनेम म्हणजे सर्व्हरचा खरा पत्ता, युजर म्हणजे तुमचं नाव, आणि आयडेंटिटी फाइल म्हणजे कोणती किल्ली वापरायची ते. मग रोज ‘एसएसएच केंद्र’ एवढं टाइप केलं की झालं. ही सोय सगळ्यांना आवडते आणि बहुतेक जण इथंच थांबतात.

आता मुख्य गोष्ट. पहिल्यांदा जोडता तेव्हा एसएसएच विचारतं: या सर्व्हरची ओळख मला माहीत नाही, त्याच्या किल्लीचा ठसा असा असा आहे, पुढे जाऊ का? आणि आपण काय करतो? ‘यस’ टाइप करतो. ठसा वाचतो का? नाही. खरं तर सगळ्या व्यवहारात हा एकच क्षण असा आहे, जिथं यंत्र तुम्हाला विचारतंय की हा सर्व्हर तुमचाच कशावरून. समजा तुमच्या आणि सर्व्हरच्या मध्ये कोणी बसलंय. कॅफेतल्या वायफायवर ते अवघड नाही. तो स्वतःचा सर्व्हर पुढे करतो आणि त्याचा ठसा तुम्हाला दिसतो. तुम्ही ‘यस’ म्हटलं आणि पासवर्ड टाकला, की पासवर्ड त्याच्या हातात. किल्लीनं लॉगिन करत असाल तर किल्ली त्याला मिळत नाही, ती तुमच्या लॅपटॉपबाहेर जातच नाही. पण नोंदींची जी फाइल तुम्ही चढवाल, ती त्याच्या सर्व्हरवर चढेल.

उपाय सोपा आहे. आपल्या सर्व्हरचा खरा ठसा छापलेला कागद आज प्रत्येकाला मिळेल. एसएचए दोनशे छप्पन्न, आणि त्यापुढे अक्षर-अंकांची एक लांबलचक माळ. एकेक अक्षर जुळवत बसायलाही नको. ओपनएसएसएचच्या आठव्या आवृत्तीपासून ‘यस’च्या जागी तो ठसाच टाइप करता येतो. एसएसएच स्वतः जुळवून बघतं, जुळला तरच पुढे जातं.

एकदा स्वीकारलेली ओळख ‘नोन होस्ट्स’ या फाइलीत लिहिली जाते. ती आपली ओळखीच्यांची वही. पुढच्या वेळी सर्व्हरची किल्ली वहीतल्या नोंदीशी जुळली नाही, तर एसएसएच मोठ्या अक्षरांत आरडाओरडा करतं आणि जोडणी नाकारतं.

इथं लोक वैतागतात, इंटरनेटवर शोधतात, आणि त्यांना दोन ओळींचा तोडगा मिळतो. पहिली ओळ, स्ट्रिक्ट होस्ट की चेकिंग ‘नो’. दुसरी, युजर नोन होस्ट्स फाइल ‘डेव्ह नल’, म्हणजे वही कचऱ्याच्या टोपलीत. या जोडीतली दुसरी ओळ जास्त घातक आहे. नुसतं ‘नो’ असेल आणि ओळखीच्या सर्व्हरची किल्ली बदललेली आढळली, तर एसएसएच इशारा देतं, आणि निदान पासवर्डनं लॉगिन आणि एजंट पुढे पाठवणं बंद करतं. थोडी लाज राखतं म्हणा. पण वहीच नसेल तर बदललं काय, हे त्याला कळणार कसं? प्रत्येक सर्व्हर दर वेळी नवाच, आणि प्रत्येक नव्याला विनातक्रार प्रवेश. तुमच्यापैकी कोणाच्या फाइलीत या दोन ओळी असतील तर आजच काढा.

हा पर्याय न लिहिल्यास त्याची किंमत ‘आस्क’ असते, म्हणजे विचारणं. ‘ॲक्सेप्ट न्यू’ म्हणजे नवा सर्व्हर न विचारता वहीत घ्यायचा, पण ओळखीच्याची किल्ली बदलली तर नाकारायचं. रोज नवे सर्व्हर उभे करणाऱ्यांना ते ठीक आहे. आपला सर्व्हर एकच आहे आणि त्याची ओळख आपण हातोहात देतोय, म्हणून आपल्या गटात ‘यस’ ठेवा. वहीत नसलेल्या सर्व्हरला तो उभंच करणार नाही. आता हा ‘यस’ आणि मघाचा टाइप केलेला ‘यस’ यांचा अर्थ नेमका उलट आहे. नावं ठेवणाऱ्यांचा विचार मलाही कळत नाही.

किल्ली प्रामाणिक कारणानंही बदलते. मार्च २०२३ मध्ये गिटहबची आरएसए प्रकारची खासगी किल्ली चुकून थोडा वेळ एका सार्वजनिक कोडसाठ्यात उघडी पडली. २४ मार्चला त्यांनी ती बदलली, आणि जगभरच्या प्रोग्रामरांना तो मोठ्या अक्षरांतला इशारा दिसला. ज्यांनी गिटहबच्या संकेतस्थळावरचा नवा ठसा पाहून जुनी नोंद काढली, त्यांनी बरोबर केलं. ज्यांची वही टोपलीत होती त्यांना काही दिसलंच नाही. जुनी किल्ली मिळवलेला कोणी मध्ये बसला असता, तरी त्यांना काही दिसलं नसतं. आपला सर्व्हर बदलेल तेव्हा आम्ही आधी फोन करू. फोन आला नाही आणि इशारा आला, तर काम थांबवा आणि तुम्ही फोन करा. रात्रीचे बारा वाजलेले असले तरी.

दुसरी गोष्ट एजंटची. किल्लीला परवलीचं वाक्य लावलेलं असावं. दर वेळी ते टाइप करायचा कंटाळा येतो, म्हणून एजंट नावाचा कार्यक्रम उघडलेली किल्ली स्मृतीत सांभाळतो. इथपर्यंत ठीक. पण ‘फॉरवर्ड एजंट यस’ लिहिलं, की तुम्ही ज्या सर्व्हरवर जाता तिथंही तुमचा एजंट हजर होतो. तुम्ही जोडलेले असेपर्यंत त्या सर्व्हरवर पूर्ण ताबा असलेला कोणीही तुमच्या एजंटकडून सह्या करून घेऊ शकतो. किल्लीची नक्कल त्याला मिळत नाही, पण तुमच्या नावानं पुढच्या दारातून आत जायला ती लागतही नाही.

एप्रिल २०१९ मध्ये मॅट्रिक्स डॉट ऑर्ग या संदेशसेवेच्या बाबतीत असंच घडलं. ही मंडळी काही नवखी नव्हती. घुसखोर शिरला जेनकिन्स या साधनाच्या जुन्या, दुरुस्ती न केलेल्या आवृत्तीतून, आणि पुढे पुढे केलेल्या एजंटच्या आधारानं थेट मुख्य यंत्रणेपर्यंत पोचला. सेवा बंद करावी लागली, सगळ्यांना लॉगआउट करावं लागलं. ज्यांनी कूटकिल्ल्यांची प्रत ठेवली नव्हती त्यांचे जुने संदेश वाचता येईनासे झाले. त्या घुसखोरानं नंतर त्यांच्याच तक्रारपानावर सल्ले लिहून ठेवले, आणि त्यातला एक होता की फॉरवर्ड एजंट वापरू देऊ नका. चोरानं कडी दाखवून द्यावी तसं झालं.

मधल्या एका सर्व्हरवरून पुढच्यावर जायचं असेल, तर ‘प्रॉक्सी जंप’ हा पर्याय आहे. त्यात मधला सर्व्हर फक्त नळीसारखा वापरला जातो. लॉगिन तुमच्या लॅपटॉपवरूनच होतं आणि एजंट घरीच राहतो. फॉरवर्ड एजंट न लिहिल्यास बंदच असतो, तो तसाच राहू द्या.

फाइलीच्या क्रमाचाही एक सापळा आहे. बहुतेक पर्यायांसाठी जी किंमत पहिल्यांदा सापडते तीच एसएसएच धरतं. शेवटची ओळ जिंकते असं अनेकांना वाटतं, तसं नाही. कोणीतरी दिलेल्या तयार फाइलीत सगळ्यात वर ‘होस्ट तारांकन’ म्हणजे सर्व सर्व्हरांसाठीचा गट असेल आणि त्यात फॉरवर्ड एजंट ‘यस’ असेल, तर खाली आपल्या गटात ‘नो’ लिहिलेलं वाया गेलं. म्हणून विशिष्ट गट वर, तारांकनाचा गट सगळ्यात शेवटी. शंका असेल तर ‘एसएसएच उणे कॅपिटल जी केंद्र’ ही आज्ञा द्या. न जोडता, शेवटी कोणते पर्याय लागू होणार ते ती छापून दाखवते.

घरातला एक लॅपटॉप तिघा भावंडांत, एकाच खात्यावर वापरला जातो, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी नोंदणी फॉर्मवर लिहिलंय. अशांनी ‘कंट्रोल परसिस्ट’ हा पर्याय टाळावा. त्यानं खिडकी बंद केल्यावरही जोडणी मागे जिवंत राहते, आणि पुढे बसणारा भाऊ किंवा त्याचा मित्र परवलीचं वाक्य न देता आत जाऊ शकतो. भावावर अविश्वास दाखवा असं मी म्हणत नाही. पण त्या बाईनं विश्वास टाकलाय तो आपल्यावर, त्याच्यावर नाही. जमलं तर लॅपटॉपवर स्वतःचं वेगळं खातं करा.

हॉटस्पॉटवर जोडणी सारखी तुटत असेल तर ‘सर्व्हर अलाइव्ह इंटरव्हल’ साठ ठेवा. मिनिटभर काही हालचाल नसली की तो विचारपूस करतो.

लॅपटॉप चोरीला गेला किंवा हरवला, तर लगेच कळवा. सर्व्हरवरच्या यादीतून त्या किल्लीची एक ओळ काढली की ती किल्ली तिथं निरुपयोगी होते. म्हणून किल्ली ज्याची त्याची, ज्या त्या लॅपटॉपवर वेगळी हवी. चौघांत एकच असेल तर एकाच्या चोरीनं चौघांचं काम अडतं.

आता लॅपटॉप उघडा. ठशाचे कागद दारापाशी टेबलावर आहेत, आणि जेवणापूर्वी प्रत्येकाच्या फाइलीवर मी एकदा नजर टाकणार आहे.