तुमचं काम कागदावर येऊ द्या

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत केलेलं भाषण. ज्या तायांना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



आज मी कर्जावर किंवा परतफेडीवर बोलणार नाही. आज बोलायचं आहे ते नोकरीसाठी द्यायच्या बायोडाटावर. आपल्या बऱ्याच गटांत दहावी-बारावी झालेल्या ताया आहेत, कुणाच्या मुली पदवीपर्यंत गेल्या आहेत. अर्ज करतात, पण मुलाखतीचा फोन येत नाही. मग दिवाळी झाली की घरचे म्हणतात, चल ऊसतोडीला, नाहीतर गुजरातला मजुरीला. तालुक्यात आठ-दहा हजारांचं काम मिळालं तर लेकरांची शाळा सुटत नाही. म्हणून हा एक कागद महत्त्वाचा आहे.

परवा एक ताई बायोडाटा दाखवायला आली. अनुभवाच्या जागी लिहिलं होतं, 'काही नाही'. मी विचारलं, गटाची सचिव किती वर्षं आहेस? म्हणाली, सहा. हिशोब कोण लिहितं? मीच. बँकेत कोण जातं? मीच. मग 'काही नाही' कसं? तर म्हणाली, "ते आपलं गटाचं काम आहे ताई, नोकरी थोडीच आहे ती."

इथेच आपण चुकतो. पगार मिळाला नाही म्हणजे काम केलं नाही, असं नसतं.

मी काही शहाणी होते असं समजू नका. माझा पहिला बायोडाटा मी बाजारच्या दिवशी कॉम्प्युटरच्या दुकानात करून घेतला. तिथल्या पोरानं कुणाचा तरी जुना बायोडाटा उघडला, नाव-पत्ता बदलला आणि प्रती काढून दिल्या. इंग्रजीत होता, मी वाचलाच नाही. सात ठिकाणी दिला, एकाही ठिकाणाहून फोन नाही. वर्षभरानं भाच्यानं वाचून दाखवला, तर छंद म्हणून 'क्रिकेट खेळणे' आणि जन्मतारीख दुसऱ्याच कुणाची! घरात सगळे हसले, मीही हसले. पण वर्ष वाया गेलं ते गेलंच. म्हणून पहिला नियम: जो कागद आपल्याला वाचता येत नाही तो कुणाला देऊ नका. जाहिरातीत इंग्रजी मागितलं नसेल तर सरळ मराठीत लिहा.

आता एकेक गोष्ट सांगते.

पहिली, हा लग्नाचा बायोडाटा नाही. रंग, उंची, रास, भाऊ किती, मामा कुठले, हे नोकरीवाल्याला नको असतं. नाव, गाव-तालुका, फोन, शिक्षण, अनुभव, काय काय येतं आणि भाषा, एवढं पुरे. एक पान, फार तर दीड. जातीचा दाखला सरकारी अर्जात मागितला तर तिथे जोडा, बायोडाटात लिहायची गरज नाही.

दुसरी, काम आकड्यात लिहा. 'बचत गटात काम केले' असं लिहिलं तर वाचणाऱ्याला काय कळणार? त्यापेक्षा असं लिहा: '१२ महिलांच्या गटाची ६ वर्षे सचिव. दर आठवड्याच्या बैठकीचे इतिवृत्त आणि रोख वही लिहिते. बँकेच्या दोन कर्जांचे सर्व हप्ते वेळेवर भरले.' यात खोटं काही नाही, फुगवलेलं काही नाही. आकडे शोधायला लांब जायला नको, गटाच्या वह्या काढा. बैठका किती, बचत किती, कर्ज किती, सगळं तुमच्याच अक्षरात आहे. पशुसखी असाल तर किती गावं, किती घरच्या शेळ्या-कोंबड्या. मिरचीचा किंवा आमचूरचा धंदा केला असेल तर किती किलो माल, कुठे विकला.

तिसरी, आपली बोली बाहेरच्याला समजत नाही. इथे मी भिली-पावरीबद्दल बोलत नाही, त्यावर पुढे येते. मी बोलते आहे ती उमेदच्या शब्दांबद्दल. ग्रामसंघ, दशसूत्री, फिरता निधी, सीआरपी हे शब्द आपल्याला रोजचे, पण दवाखान्यातल्या किंवा कंपनीतल्या साहेबाला त्याचा अर्थ लागत नाही. 'सीआरपी म्हणून काम' असं न लिहिता 'गावोगावी जाऊन महिलांचे नवीन गट तयार केले, त्यांना हिशोब लिहायला शिकवले' असं लिहा.

चौथी, भाषा. ही माझ्या मनाची गोष्ट आहे. मी आजवर जेवढे बायोडाटा पाहिले त्यात भाषा म्हणून लिहिलेलं असतं, मराठी, हिंदी आणि थोडी इंग्रजी. धडगावच्या पोरीनं पावरी लिहिलेली नसते. नवापूरची ताई मावची लिहीत नाही. अक्कलकुव्याकडची भिली लिहीत नाही, शहादा-तळोद्याकडची अहिराणी किंवा गुजरी लिहीत नाही. आपल्याला वाटतं, ती घरची बोली, लोक हसतील. अहो, सातपुड्यातल्या पाड्यावर आजारी बाईशी बोलायला, तिला बँकेचा फॉर्म समजावून सांगायला तिची भाषा येणारं माणूसच लागतं. बाहेरून आलेल्या डिग्रीवाल्याला ते वर्षभरात जमत नाही. तुम्हाला ते जन्मापासून येतं. भाषांच्या ओळीत ते सगळ्यात आधी लिहा. गुजरातच्या सीमेवर राहून गुजराती येत असेल तर तीही लिहा.

पाचवी, नोकरी बघून बायोडाटा बदला. दुकानात हिशोबाचं काम असेल तर रोख वही वर आणा. संस्थेत गावभेटीचं काम असेल तर गट बांधणी वर आणा. जाहिरातीत जे मागितलंय ते त्याच शब्दात तुमच्या कागदावर दिसलं पाहिजे, पण खरं असेल तरच. एका मुलीनं एमएससीआयटी केलेलं नसताना लिहिलं. मुलाखतीत तिला कॉम्प्युटरसमोर बसवलं, आणि रडत घरी आली. 'मोबाईलवर फोटो, फॉर्म भरता येतात' एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं.

मध्येच काही वर्षं रिकामी दिसत असतील, बाळंतपण, स्थलांतर, सासूचं आजारपण, तर घाबरू नका. एका ओळीत खरं ते लिहा: 'या काळात कुटुंबासोबत शेती व मजुरी.' लपवलं की संशय येतो.

सहावी, नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पासबुकात तिसरंच. हे आपल्यात घरोघरी आहे. देशातलं पहिलं आधार आपल्याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० ला दिलं गेलं, हे आपण अभिमानानं सांगतो. मग त्यावरचं नाव तरी नीट करून घेऊ. लग्नाची नोंद करून दाखला काढा आणि आधार व पासबुकावर नाव एकसारखं करा. तोवर बायोडाटात दोन्ही नावं लिहा. आणि आधार क्रमांक, खाते क्रमांक बायोडाटात कधीच लिहायचा नाही. तो कागद किती हातांतून जातो, आपल्याला माहीत नसतं.

सातवी, फोन. किती जणींचा फोन नवऱ्याकडे किंवा पोराकडे असतो? कॉल येतो, तिकडून उत्तर मिळतं, "ती शेतात गेलीय", आणि निरोप कुणी देत नाही. कुणाच्या पाड्यावर रेंज नाही, कुणाचा रिचार्ज संपलेला. तुमचा बायोडाटा चांगला होता, बोलावलंही होतं, तुम्हाला कळलंच नाही! म्हणून दोन नंबर द्या. दुसरा रेंजमध्ये राहणाऱ्या भरवशाच्या माणसाचा, ग्रामसंघाच्या लिपिकेचा चालेल, तिला विचारून. घरात सगळ्यांना सांगून ठेवा, अनोळखी फोन आला तर नाव, नंबर आणि वेळ लिहून घ्यायची.

एक इशारा. मुलाखतीसाठी किंवा नोकरी 'पक्की' करायला कुणी पैसे मागितले तर तिथूनच परत फिरा. सरकारी रोजगार मेळाव्यात यायला पैसे लागत नाहीत, महास्वयम पोर्टलवर नाव नोंदवायलाही लागत नाहीत.

आणि खरं तेही सांगते. चांगल्या बायोडाटानं नोकरी मिळतेच असं नाही. जागा कमी, माणसं जास्त. काही पदं नुसत्या गुणांवर भरतात, तिथे जाहिरातीतली अट आणि शेवटची तारीख बघून कागद पूर्ण जोडणं एवढंच आपल्या हातात. बायोडाटाचं काम एकच, तुम्हाला त्या खुर्चीसमोर बसवायचं. पुढे बोलायचं तुम्हालाच आहे. आणि बँक मॅनेजरसमोर कर्जासाठी बोललेल्या बाईला बोलायची भीती कसली?

सुरुवातीला सांगितलेल्या ताईचा बायोडाटा आम्ही दोघींनी वह्या समोर ठेवून पुन्हा लिहिला. अनुभवाच्या नऊ ओळी झाल्या. ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हे सगळं मीच केलंय का?"

पुढच्या बैठकीला प्रत्येक गटातून निदान दोघींनी आपला एक पानाचा बायोडाटा हातानं लिहून आणावा. शेजारच्या ताईला वाचायला द्या. तिला एखादी ओळ समजली नाही तर ती ओळ बदला. हिशोब वही आपण अशीच तपासतो ना? तसंच हेही तपासू.

जोहार.