सरंजामशाहीचा ऱ्हास आणि युरोपातील साधा शेतकरी

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत एक वाक्य हमखास आढळते : ‘१४५३ साली कॉन्स्टँटिनोपल पडले आणि सरंजामशाहीचा शेवट झाला.’ वाक्य पाठ करावयास सोपे आहे. परंतु समाजव्यवस्था अशी एका सालात मरत नसते. ती कशी खचत गेली आणि तिच्या खचण्याने साध्या शेतकऱ्याच्या पदरात काय पडले, एवढेच आज आपणापुढे मांडावयाचे आहे.

प्रथम शब्दाविषयी. ‘सरंजाम’ हा फारसीतून आलेला शब्द आपल्या ओळखीचा आहे. मराठेशाहीत सरदाराला फौजेच्या खर्चासाठी जो मुलूख लावून देत, त्याला सरंजाम म्हणत. मध्ययुगीन युरोपातील व्यवस्था याहून निराळी होती. राजाने सरदाराला जमीन द्यावी आणि सरदाराने एकनिष्ठेची शपथ घेऊन लढाईला घोडेस्वारांसह हजर व्हावे, हा तिचा वरचा मजला. तळाशी होता भूदास. तो बाजारात विकला जाणारा गुलाम नव्हता. त्याला घर होते, शेताच्या पट्ट्या होत्या. परंतु आठवड्यातील काही दिवस मालकाच्या शेतात वेठ करावयाची, मालकाच्याच चक्कीवर दळून पिठातला वाटा द्यावयाचा, मुलीच्या लग्नासाठी त्याला रक्कम भरावयाची आणि परवानगीवाचून गाव सोडावयाचे नाही, असे त्याचे जिणे होते. बाप मेला की गोठ्यातले उत्तम जनावर बहुधा मालकाकडे जाई.

या इमारतीला पहिले तडे नगरांनी पाडले. व्यापार वाढला, नाणे खेळू लागले, आणि वेठीऐवजी रोख खंड घेणे कित्येक मालकांना सोयीचे वाटू लागले. अनेक नगरांत असा नियम होता की, भूदासाने तेथे एक वर्ष व एक दिवस काढला आणि मालकाने त्याला परत मागितले नाही, तर तो मुक्त. इटलीतील बोलोन्या नगराने तर १२५६-५७ मध्ये सुमारे ६ हजार भूदासांची किंमत त्यांच्या मालकांना मोजली आणि त्या सर्वांची नावे एका वहीत नोंदवून त्यांना मुक्त केले. यात हिशेबही होता : मुक्त माणूस नगराला कर देतो.

दुसरा तडा रणांगणावर पडला. १३०२ मध्ये कूर्त्रे येथे फ्लँडर्सच्या विणकरांनी व कारागिरांनी पायी लढून फ्रान्सच्या घोडेस्वार सरदारांचा पराभव केला. १३४६ मध्ये क्रेसी येथे इंग्रज तिरंदाजांनी तेच केले. ज्या घोडेस्वारीच्या मोबदल्यात जमीन दिली जाई, तिचे मोलच उतरू लागले. पुढे १४४५ मध्ये फ्रान्सच्या राजाने पगारी कायम फौज उभारली.

मग आली महामारी. १३४७ च्या ऑक्टोबरात ती सिसिलीच्या मेसिना बंदरात उतरली आणि चार वर्षांत युरोपातील निदान एक तृतीयांश, कदाचित निम्मी माणसे घेऊन गेली. शेते पडून राहिली. हात कमी पडू लागले. जो मजूर कालपर्यंत मिळेल ते घेत होता, तो आता दर सांगू लागला. इंग्लंडमध्ये सरकारने १३४९ व १३५१ मध्ये कायदे करून मजुरी महामारीपूर्वीच्या दरावर बांधून टाकण्याचा प्रयत्न केला. त्यावर डोईपट्टीचा भार पडला आणि १३८१ मध्ये एसेक्स व केंटचे शेतकरी लंडनमध्ये शिरले. चौदा वर्षांच्या रिचर्ड राजाने त्यांना मुक्तीच्या सनदा दिल्या. पुढारी वॉट टायलर मारला गेल्यावर त्या रद्द केल्या.

या बंडातील एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. बंडखोरांनी गावोगाव मालकांची दप्तरे शोधून जाळली. कारण कोण कोणाचा भूदास, ते त्यात लिहिलेले होते. आणि पुढे झाले असे की, अशाच दप्तरातील नोंदीची नक्कल कुळाच्या हाती देण्याची पद्धत रूढ झाली. आपल्याकडील सात-बाराच्या उताऱ्यासारखा तो कागद कुळाचा हक्क सांगू लागला. कालांतराने राजाची न्यायालयेही तो मानू लागली. जो कागद बेडी होता, तोच ढाल झाला.

परंतु सर्वत्र असे घडले नाही, आणि माझ्या मते खरा धडा येथेच आहे. कॅटलोनियाच्या शेतकऱ्यांनी संघटित होऊन दीर्घ झगडा दिला, तेव्हा १४८६ मध्ये राजाने रक्कम भरून सुटण्याचा मार्ग त्यांना दिला. उलट पूर्व युरोपात, जेथे माणसे आधीच विरळ होती, तेथे मालकांनी शेतकऱ्याला अधिकच जखडले. पोलंडमध्ये १४९६ च्या कायद्याने गाव सोडण्यावर बंधने आली आणि १५२० मध्ये आठवड्याला निदान एक दिवसाची वेठ कायद्याने लादली गेली. रशियात १६४९ मध्ये भूदासत्व पक्के झाले, ते १८६१ पर्यंत टिकले. तिकडे नगरे दुबळी होती, सरदार प्रबळ होते, आणि पश्चिमेकडे धान्य विकून त्यांना पैसा मिळत होता. पश्चिमेच्या मुक्त नगरांची भाकरी काही अंशी पूर्वेच्या वेठीवर पिकत होती!

पश्चिमेतही मुक्ती निर्भेळ नव्हती. इंग्लंडमध्ये जमीनदार शेतांना कुंपणे घालून मेंढ्या पाळू लागले. १५१६ च्या आपल्या ‘यूटोपिया’ ग्रंथात टॉमस मूरने याच मेंढ्यांवर बोट ठेवले. वेठ गेली, तशी कित्येकांची जमीनही गेली. उरली ती रोजंदारी.

तेव्हा विद्यार्थी मित्रहो, सरंजामशाहीचा अंत महामारीने केला असेही लिहू नका. महामारी पूर्वेलाही पोहोचली होती. तिने संधी दिली. ती टिकली तेथेच, जेथे शेतकऱ्याला जाण्यासाठी नगर होते, सोबतीला संघटना होती आणि हक्क सांगावयास हाती कागद होता. यापुढे १४५३ हे साल लिहाल, तेव्हा त्याच्यापुढे एक प्रश्नही लिहा : त्या साली शेतात वाकलेल्या माणसाचे काय झाले?